एकविसाव्या गुणसूत्राचं देणं

बारावीच्या जीवशास्त्रात डाऊन सिंड्रोमला जेमतेम एक परिच्छेद मिळतो. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, म्हणून ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलं. बुटकी चण, लहान गोल डोकं, चिरा पडलेली जीभ, अर्धवट उघडं तोंड, तळहातावर एकच आडवी रेघ. हा परिच्छेद मी नोकरीभर शिकवला, आणि फळ्यावर दोनाच्या जागी तीन दांड्या काढताना दर वेळी माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस असायचा. माझा धाकटा भाऊ. घरीदारी सगळे त्याला भाऊच म्हणतात. आईबाबासुद्धा भाऊच म्हणायचे.

परिच्छेद संपला की मी मुलांना पुस्तकाबाहेरचं थोडं सांगायचे. ही माणसं रुसतात, हट्ट धरतात, जीव लावतात, कामं शिकतात, आणि आता पन्नाशी-साठी गाठतात. शेवटचं ऐकून वर्गात चुळबुळ व्हायची. साहजिक आहे. पोस्टरवर, वर्तमानपत्रात, मार्चमधल्या जागतिक दिनाच्या बातमीत डाऊन सिंड्रोमचं म्हणून जे चित्र असतं, ते कायम लहान मुलाचं असतं. केस पिकलेला, चष्मा लावलेला, काठी घेतलेला डाऊन सिंड्रोमचा माणूस आपण फारसा पाहिलेलाच नसतो.

मला आज त्या पिकलेल्या केसांबद्दल लिहायचं आहे. आणि त्या जादा गुणसूत्राबद्दलही, कारण आज जग अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या आजाराविषयी जे काही जाणतं त्याचा एक मोठा धागा तिथून निघालेला आहे.

भाऊ १९६९ चा. जन्मला तेव्हा आमच्या गावच्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे पोर फार तर दहा-बारा वर्षांचं सोबती. त्यांचं तेव्हाच्या हिशोबानं फारसं चुकलं नव्हतं. १९२९ च्या सुमारास डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं सरासरी आयुष्य नऊ वर्षांचं धरत. १९८० च्या दशकातही ते पंचविशीच्या आसपास होतं. पुढे प्रतिजैविकं सगळीकडे पोहोचली, जन्मजात हृदयदोषावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि अशा मुलांना संस्थेत टाकण्याऐवजी घरात वाढवणारे आईबाप वाढले. प्रगत देशांत आज ही सरासरी साठीच्या घरात आहे. म्हणजे एका पिढीच्या डोळ्यांदेखत या लोकांच्या पदरात तीस-पस्तीस वर्षं जास्तीची पडली. एवढी मोठी गोष्ट, पण त्या वाढीव वर्षांत पुढे काय वाढून ठेवलंय हे आमच्यासारख्या घरांना कुणी सांगितलं नाही.

भाऊ रोज कार्यशाळेत जायचा. कागदी पाकिटं चिकटवायची, दिवाळी आली की पणत्या रंगवायच्या, उटण्याच्या पुड्या भरायच्या. घरात त्याचं खातं ताटांचं. कुणाचं ताट कुठलं, कुणाला दोन वाट्या लागतात, बाबांना कडा दुमडलेलंच भांडं हवं असतं, आलेल्या पाहुण्याला पितळी तांब्या द्यायचा, हे सगळं तो बघायचा. त्याला वीसच्या पुढे मोजता येत नाही. तरी सणासुदीच्या पंगतीत एक पान कमी पडलं किंवा जास्त झालं असं कधी झालं नाही, कारण तो माणसं मोजत नसे. एकेक चेहरा आठवून त्याचं ताट मांडत असे.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो ताटं मांडता मांडता मधेच थांबायला लागला. हातात तांब्या घेऊन उभा राहायचा, आणि कुणी "भाऊ, ठेव ना" म्हटलं की चिडून तो जमिनीवर आपटायचा. हे त्याचं नव्हतं. त्याला राग आला की तो कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसे, वस्तू कधी आपटत नसे. मग कार्यशाळेत जायला नको म्हणू लागला. ज्या मैत्रिणीशी डबा वाटून खायचा तिच्याकडे बघेना. आणि मग उंबरठा. आमच्या माजघरातली फरशी फिकट मोझेकची आणि स्वयंपाकघराच्या दारात काळ्या कडाप्प्याचा पट्टा. ज्या दारातून तो उभा जन्म ये-जा करत होता, तिथं येऊन तो आता थबकायचा. एक पाय पुढे करायचा, मागे घ्यायचा, चौकट घट्ट धरायचा. पुढे विहीर असावी तसा खाली बघत राहायचा.

नातेवाइकांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, ज्यांच्याकडे त्याची नेहमीची औषधं चालू होती त्या डॉक्टरांनाही विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच. "अहो, त्यांचं असंच असतं."

या वाक्याचा मला मनापासून राग आहे. डाऊन सिंड्रोमच्या माणसाचा दात दुखत असेल, कानात मळ साचला असेल, मोतीबिंदू झाला असेल, आई गेल्याचं दुःख आत कुजत असेल, काहीही असलं तरी ते या एका वाक्याखाली गाडलं जातं. जन्मभर सोबत असलेल्या एका निदानापुढे बाकीची सगळी निदानं दिसेनाशी होतात. आणि यातल्या कितीतरी गोष्टी बऱ्या होण्याजोग्या असतात. थायरॉइड मंदावणं डाऊन सिंड्रोममध्ये अतिशय सर्रास आढळतं, आणि मंद थायरॉइडचा माणूस विसरभोळा, सुस्त, उदास दिसतो. झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही फार असतो. रात्रभर धड झोप नाही तर दिवसा डोकं कसं चालणार? ऐकू कमी येतं म्हणून उत्तर देत नाही, दिसत नाही म्हणून अडखळतो. चाळिशीच्या आत बदल दिसू लागले तर अल्झायमरचं नाव घेण्याआधी ही सगळी दारं ठोठावून बघावीत, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिका सांगते. चाळिशीनंतर मात्र दर वर्षी अल्झायमरच्या दृष्टीनं तपासणी व्हावी, असंही तीच सांगते.

भाऊच्या बाबतीत ही सगळी दारं ठोठावून झाली. थायरॉइडची गोळी सुरू झाली, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. थोडा फरक पडला. उंबरठ्याशी थबकणं काही गेलं नाही.

शेवटी पुण्यातल्या एका मेंदूविकार तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत भाऊला एकही प्रश्न विचारला नाही. त्याला खडू आणि कागद दिला आणि मला म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी याला काय काय यायचं ते सांगा." हा प्रश्न किती नेमका होता हे मला नंतर उमगत गेलं. स्मृतिभ्रंशाच्या नेहमीच्या चाचणीत विचारतात, आज तारीख काय, पंतप्रधान कोण, शंभरातून सात वजा करत चला. भाऊला हे कधीच आलं नसतं, विशीतही आलं नसतं. मग काय हरवलं हे ठरवायचं कशावरून? त्याला मापायचं तर त्याच्याच जुन्या रूपाशी. आणि ते जुनं रूप कुठं नोंदलेलं असतं? बहुतेक घरांत कुठंच नाही. आईच्या डोक्यात असतं, आणि आई गेली की तेही जातं.

आमच्या नशिबानं कार्यशाळेतल्या ताईंनी प्रत्येकाची वही ठेवली होती. दर जूनला एक पान. शर्टाची बटणं स्वतः लावतो का, दहा रुपयांची नोट ओळखतो का, बसमधून उतरायचा थांबा सांगतो का, पाकिटाची कडा सरळ येते का. डॉक्टरबाईंनी ती वही जवळजवळ तासभर वाचली. एका पानावर ताईंनी लिहिलं होतं, 'भाऊ नवीन मुलांना पाकीट शिकवतो.' तीन पानं पुढे होतं, 'पाकीट करताना मदत लागते.' बाकीच्या तपासण्या होत्याच, पण निदान माझ्या मते त्या वहीनं केलं.

अल्झायमर हा शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा धक्का बसला असं म्हणवत नाही. धक्का पुढच्या वाक्यानं बसला. त्या म्हणाल्या, "डाऊन सिंड्रोममध्ये या वयाला हे अपेक्षितच असतं." अपेक्षित! आयुष्यभरात अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता या लोकांत ९० टक्क्यांहून जास्त आहे. चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत या आजाराच्या खुणा उमटलेल्या असतात. बार्सिलोना आणि केंब्रिजच्या संशोधकांनी डाऊन सिंड्रोमच्या शेकडो प्रौढांना तपासून २०२० मध्ये जे मांडलं त्यानुसार सौम्य लक्षणांचं निदान साधारण पन्नाशीत आणि स्मृतिभ्रंशाचं चोपन्नच्या सुमारास होतं. रक्तातले आणि मेंदूतले बदल त्याच्या पुष्कळ आधी, तिशीपासूनच, सुरू झालेले असतात. एवढं ठरल्यासारखं जे येतं, ते मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलेल्या त्या तिसऱ्या दांडीतच लिहिलेलं होतं. परतीच्या गाडीत भाऊ खिडकीशी बसून ऊसाच्या ट्रॉल्या बघत होता, आणि मी ठरवलं की हे मुळापासून समजून घ्यायचं.

मुळाशी जायचं तर स्कॉटलंडमध्ये जावं लागतं. १८७६ मध्ये, म्हणजे डाऊन यांच्या वर्णनानंतर दहाच वर्षांनी, फ्रेझर आणि मिचेल या दोन डॉक्टरांनी अशा बासष्ट माणसांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात त्यांना एक गोष्ट खटकली होती, ती म्हणजे जी थोडी माणसं मोठी झाली, ती अकालीच म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. तेव्हा अल्झायमर या आजाराला नावच नव्हतं. आलॉइस अल्झायमर यांनी फ्रँकफर्टमधल्या ऑगस्टे डेटर या आपल्या रुग्णाच्या मेंदूबद्दल ट्युबिंगेनच्या सभेत सांगितलं ते १९०६ मध्ये. त्या मेंदूत पेशींच्या बाहेर साचलेले डाग होते आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता होता. १९२९ मध्ये तेच डाग डाऊन सिंड्रोमच्या मेंदूत दिसले. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जर्विस यांनी डाऊन सिंड्रोमच्या तीन प्रौढांचा स्मृतिभ्रंश आणि त्यांचे मेंदू या दोन्हींची सांगड घातली. पण का, ते कुणालाच सांगता येईना. डाऊन सिंड्रोम गुणसूत्रामुळे होतो हेच मुळी १९५९ मध्ये पॅरिसमध्ये सिद्ध झालं. लजन, गोतिए आणि तुर्पाँ यांचा तो निबंध. पेशी वाढवून गुणसूत्रं दिसतील इथपर्यंत आणण्याचं काम मार्थ गोतिए यांनी केलं होतं आणि त्याचं श्रेय त्यांना कित्येक दशकं नीट मिळालं नाही, हे इथं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मग १९८४ आलं. कॅलिफोर्नियात जॉर्ज ग्लेनर आणि त्यांचे सहकारी केन वाँग यांनी अल्झायमरच्या मेंदूवरच्या आवरणातल्या रक्तवाहिन्यांमधून तो साचलेला पदार्थ वेगळा काढला आणि त्याची रचना वाचली. एक छोटंसं प्रथिन, आज आपण त्याला बीटा अमायलॉइड म्हणतो. त्याच वर्षी त्यांनी डाऊन सिंड्रोमच्या मेंदूतूनही तोच पदार्थ काढला. दोन्हीकडे सारखाच. ग्लेनर यांनी तिथं एक पाऊल पुढे टाकलं. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र जास्त असतं आणि तिथं हा पदार्थ हमखास साचतो, त्या अर्थी तो बनवणारं जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असणार, असं त्यांनी लिहून टाकलं. १९८७ मध्ये ते जनुक सापडलं. नेमकं तिथंच. (ग्लेनर पुढे १९९५ मध्ये गेले, शरीरात अशाच प्रकारचं एक अमायलॉइड साचून. ज्याचा माग काढण्यात हयात घालवली, त्याच्याच जातकुळीनं माणूस जावा, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते.)

त्या जनुकाचं नाव एपीपी. त्यापासून बनणारं लांबलचक प्रथिन चेतापेशींच्या आवरणात रोवलेलं असतं. दोन विकरं (एन्झाइम) त्याला दोन जागी कापतात आणि मधला तुकडा सुटतो, चाळीस-बेचाळीस अमिनो आम्लांचा. बेचाळीसवाला तुकडा चिकट; तो आपल्यासारख्या दुसऱ्या तुकड्यांना धरून साचत जातो. हे आपल्या सगळ्यांच्या मेंदूत रोज घडतं आणि मेंदू ते रोज झाडून काढतो. फरक एवढाच की ज्यांच्याकडे जनुकाच्या तीन प्रती आहेत, त्यांच्याकडे हा माल जन्मापासून दीडपट तयार होतो. दोन नळांच्या बेतानं बांधलेल्या मोरीत तिसरा नळ पहिल्या दिवसापासून उघडा आहे. वर्षानुवर्षं पाणी वाहून जातंही, पण एक दिवस मोरी तुंबते. त्यानंतर पेशींच्या आत टाउ नावाच्या प्रथिनाचा गुंता व्हायला लागतो. टाउचं जनुक १७ व्या गुणसूत्रावर असलं तरी त्याला बिघडवणारं एक विकर २१ व्या गुणसूत्रावरूनच येतं. पेशी मरायला लागतात त्या यानंतर.

पण २१ व्या गुणसूत्रावर दोनशेहून जास्त जनुकं आहेत. त्यातलं एपीपीच दोषी, हे कशावरून? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त हलवून गेलं, कारण ते एका म्हातारीच्या आयुष्यातून आलं. ब्रिटनमधली एक बाई, डाऊन सिंड्रोम असलेली, ७८ वर्षं जगली. एवढं आयुष्य आणि स्मृतिभ्रंश नाही. तिच्या गुणसूत्रांचा बारकाईनं अभ्यास केला तेव्हा दिसलं की तिच्याकडे २१ वं गुणसूत्र अख्खं जास्त नव्हतं, त्याचा एक तुकडाच जास्त होता, आणि तो तुकडा एपीपीच्या पलीकडे सुरू होत होता. म्हणजे बाकीच्या बऱ्याच जनुकांच्या तीन प्रती, एपीपीच्या मात्र दोनच. मृत्यूनंतर तिचा मेंदू पाहिला, तर वयाच्या मानानं निर्मळ. हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये असाच आणखी एक पुरुष नोंदला गेला. बहात्तर वर्षांचा, एपीपी दोनच, स्मृतिभ्रंश नाही. आणि याची बरोबर उलटी बाजू २००६ मध्ये फ्रान्समध्ये सापडली. तिथल्या काही घराण्यांत डाऊन सिंड्रोम मुळीच नव्हता, पण गुणसूत्राच्या एपीपी असलेल्या छोट्या तुकड्याच्या तेवढ्या तीन प्रती होत्या, आणि त्या घरांतली माणसं ऐन उमेदीत अल्झायमरनं जात होती. एकीकडे जनुक वगळलं तर आजार नाही, दुसरीकडे फक्त जनुक वाढवलं तर आजार आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम रचूनही याहून नेमका पुरावा मिळाला नसता.

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कोण होती, तिला काय आवडायचं, तिच्या घरी ताटं कोण मांडायचं, मला माहीत नाही. तिचं नावही कुठं छापलेलं नाही, आणि ते योग्यच आहे. पण अल्झायमरवर जे काही औषध पुढे येईल त्यात तिचा वाटा आहे. तिच्याआधी ज्यांचे मेंदू तपासले गेले त्यातली बरीच माणसं संस्थांमध्ये आयुष्य काढून तिथंच गेलेली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

आता देणं फेडण्याबद्दल. अमायलॉइड मेंदूतून काढून टाकणारी औषधं अखेर आली. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. आजार थांबत नाही, त्याचा वेग काहीसा मंदावतो, तोही सुरुवातीच्या टप्प्यात. पण ज्या मोठ्या चाचण्यांवर ही मान्यता उभी आहे, त्यात डाऊन सिंड्रोमच्या माणसांना घेतलेलं नव्हतं. ज्यांच्यामुळे हे लक्ष्य सापडलं तेच रांगेबाहेर. कारणं अगदीच पोकळ नाहीत, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. डाऊन सिंड्रोममध्ये अमायलॉइड मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही खूप साचतं, आणि अशा वाहिन्यांत या औषधांनी सूज येण्याचा, रक्त झिरपण्याचा धोका जास्त. संमतीचा प्रश्न नाजूक आहे. पण धोका जास्त असेल तर जास्त काळजीनं, छोट्या मात्रेनं, जवळून लक्ष ठेवून चाचणी करायची असते, सोडून द्यायची नसते. बाकीच्यांना चालतं ते यांना चालेलच असंही नाही. मेमँटीन हे अल्झायमरचं जुनं औषध डाऊन सिंड्रोमच्या चाळिशीपुढच्या लोकांना देऊन ब्रिटन आणि नॉर्वेमध्ये पाहिलं, तर त्यांना काहीच फायदा झाला नाही. २०१२ ची ही गोष्ट. म्हणजे वेगळं तपासण्यावाचून गत्यंतर नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी डाऊन सिंड्रोमच्या संशोधनासाठी स्वतंत्र प्रकल्प उभा केला, आणि आता अमायलॉइडवरच्या लसीची आणि डोनानेमॅबची चाचणी डाऊन सिंड्रोमच्या प्रौढांसाठी म्हणून आखली गेली आहे. उशीर झाला, भाऊसाठी तर झालाच, पण दार उघडलंय.

नात्यातल्या लोकांनी मला हळूच विचारलं, मग आपल्याला? तुझ्या मुलीला? भीती मला कळते. डाऊन सिंड्रोमची बहुतेक उदाहरणं आईच्या बीजांडात गुणसूत्रं विभागताना झालेल्या गफलतीतून येतात. ती घराण्यातून उतरत नाहीत. आम्हा बहिणींकडे एपीपीच्या दोनच प्रती आहेत. आम्हाला धोका आहे तो चारचौघांइतकाच.

इकडे घर चालूच आहे. वर्षभरापूर्वी भाऊचे हात सकाळी उठल्या उठल्या झटके द्यायला लागले. पहिला कप उडाला तेव्हा वाटलं हातातून निसटला. मग रोज. डॉक्टरबाईंनी मेंदूचा विद्युत आलेख काढायला सांगितला आणि तो आकडीचाच प्रकार निघाला. डाऊन सिंड्रोममध्ये अल्झायमर सुरू झाल्यावर अशी आकडी फार जणांना येते, आणि तिला औषध आहे. गोळी सुरू झाली, झटके पुष्कळ कमी झाले. आता पहिला चहा आम्ही त्याला उठून अर्धा तास झाल्यावर, दोन कानांच्या कपातून, तो नीट टेकून बसल्यावर देतो. कडाप्प्यावर मोझेकच्या रंगाचं व्हायनिल चिकटवलंय. ज्या दिवशी ते बसवलं त्या दिवशी भाऊ चौकट न धरता आत आला आणि ओट्यापाशी जाऊन "भूक" म्हणाला. आजारात डोळे ठीक असूनही मेंदूला खोली कळेनाशी होते, गडद रंग खड्डा वाटतो. इतक्या साध्या उपायासाठी आम्ही कितीतरी महिने त्याला "अरे, घाबरतोस काय" म्हणत ओढत होतो!

सोयीचं मात्र अवघड आहे. माझे गुडघे गेलेत, धाकटी बहीण परगावी असते. एका वृद्धाश्रमात विचारलं, तर ते म्हणाले साठी पूर्ण नाही आणि 'अशा' माणसाला ठेवत नाही. विशेष व्यक्तींच्या एका निवासी संस्थेत विचारलं, तर म्हणाले अंथरुणाला खिळणारा रुग्ण आम्ही घेत नाही. दोघांपैकी कुणीही वाईट माणसं नव्हती. दोघांच्याही नियमात भाऊ बसत नव्हता, एवढंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिलेत. त्यात बौद्धिक अक्षमता आहे, पार्किन्सन आहे, पण स्मृतिभ्रंश नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, तो ज्यांनी काढला नसेल त्यांनी जरूर काढावा. पण रोज अंघोळ घालायला, रात्री उठून फिरणाऱ्याला धरायला जो माणूस लागतो तो कुठल्याच योजनेत नाही. मुंबईत एका पारशी दांपत्यानं डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये जय वकील शाळा सुरू केली, तेव्हा प्रश्न होता या मुलांनी शिकायचं कुठं. आईबापांनीच तो धसाला लावला. पुढे कार्यशाळांचा प्रश्न आला, तोही बऱ्याच ठिकाणी आईबापांनीच सोडवला. आता ती मुलं म्हातारी झालीत, आईबाप गेलेत, आणि हा तिसरा प्रश्न भावंडांच्या दारात येऊन बसलाय.

म्हणून मी अलीकडे पालकांच्या बैठकांना जाते. लहान मुलांच्या आयांना मी काही सांगत नाही, त्यांच्यापुढे त्यांचा डोंगर आहे. ज्यांची मुलं तिशीत आहेत त्यांना गाठते. एका वडिलांनी मला तोंडावर विचारलं, "बाई, आत्तापासून हे कशाला ऐकवता? उपाय तर नाही ना?" मी त्यांना म्हटलं, थायरॉइडला उपाय आहे, मोतीबिंदूला आहे, आकडीला आहे, झोपेतल्या श्वासाला आहे. उंबरठ्यालाही होता. आणि बाकीच्यासाठी औषध येईल तेव्हा ते सुरुवातीच्या टप्प्यातल्यालाच लागू पडणार, आणि तो टप्पा ओळखायचा तर आजचं पान लिहिलेलं हवं. ते गप्प बसले, पण बैठक संपल्यावर वहीत काय काय लिहायचं ते विचारून घेऊन गेले.

वहीचा कंटाळा येतो त्यांना मी फोन वापरायला सांगते. वर्षातून एकदा, वाढदिवसाला, दहा मिनिटांचा व्हिडिओ. बटणं लावताना, चहा करताना, जिना उतरताना, घरच्यांची नावं सांगताना. बोलण्यात मधे मदत करायची नाही. व्हिडिओ दोघा-तिघांकडे ठेवायचा, नुसता आईच्या फोनमध्ये नाही. गेल्या बैठकीनंतर एका आईचा रात्री मेसेज आला. तिची मुलगी एकतीस वर्षांची आहे, पोळ्या लाटते, शेजारच्या बाळाला खेळवते, मोबाइलवर मालिका लावून देते. तिनं विचारलं होतं, "हिला बरंच काही येतं हो, त्यातलं नक्की काय काय घेऊ?" मी लिहिलं, सगळं घ्या, आणि सुरुवातीला तिलाच तारीख सांगायला लावा. चुकीची सांगितली तरी तीच राहू द्या.